वजनाच्या आधीचे तीन दिवस

आमच्या शाळेच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीला लागून, पत्र्याची एक खोली होती. शाळेच्या कागदांवर तिचं नाव 'क्रीडा साहित्य कक्ष' होतं. आम्ही तिला नुसतं खोली म्हणायचो. आत एक गंजलेली लोखंडी पेटी, दोन भाले, हवा गेलेले फुटबॉल, गॅदरिंगच्या नाटकातला एक पुठ्ठ्याचा राजवाडा आणि भिंतीत ओळीने ठोकलेले बारा खिळे. कबड्डीच्या संघात बारा मुलं, म्हणून बारा खिळे. नवीन मुलाला दाराजवळचा खिळा मिळायचा. दहावीची मुलं शाळा सोडून गेली की बाकीचे एकेक खिळा आत सरकायचे. खिडकीजवळचा खिळा कप्तानाचा.

मी नववीत असताना संघात आलो. खेळाडू म्हणून मी साधारणच. डाव्या कोपऱ्यात उभा राहायचो, घोटा पकडायला बरं जमायचं, बाकी विशेष काही नाही. पण माझं घर शाळेच्या भिंतीला लागून होतं, त्यामुळे खोलीची किल्ली माझ्याकडे आली, आणि किल्लीमुळे मला थोडी किंमत आली.

त्या काळात मला खोलीची फार गरज होती. घरी वडील आजारी होते. हृदयाचं दुखणं. दिवसभर ते ओसरीवर खुर्चीत बसून असायचे, पाय सुजलेले, श्वास लागलेला. आई आम्हाला सारखी 'हळू बोला' म्हणायची. आमच्या घरात रेडिओसुद्धा हळूच लागायचा. आणि भिंतीपलीकडे ही खोली, जिथे बारा जण एकाच वेळी ओरडत असायचे, घामाचा, ओल्या मातीचा आणि मलमाचा वास कोंडलेला असायचा, कोणी कोणाचा डबा उघडून कळण्याची भाकरी आणि ठेचा संपवलेला असायचा. मी दार उघडलं की माझ्या अंगातलं काहीतरी सैल व्हायचं.

खोलीचे काही कायदे होते. ते कोणी लिहिले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. नव्या मुलाने पहिला आठवडा सगळ्यांचे नीकॅप टाकीवर धुवायचे. हरून आल्यावर अंगातला मळका बनियन बदलून होईपर्यंत कोणी कोणाची चूक काढायची नाही. एखादा मुलगा पाठीवर वळ घेऊन आला तर घरी काय झालं ते विचारायचं नाही, फक्त त्या दिवशी कोणी त्याच्या पाठीवर थाप मारायची नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा, खोलीतली गोष्ट बाहेर सांगायची नाही. आमचे क्रीडाशिक्षक कधी आत यायचे नाहीत. दारात उभे राहून खोकायचे, 'आटपा रे' म्हणायचे आणि मैदानाकडे चालू लागायचे. खोली पूर्णपणे आमची होती.

माझा मित्र आमचा मुख्य चढाईपटू होता. पहूरच्या बाजूच्या एका खेड्यातून यायचा. त्याचे वडील कालीपिली चालवायचे, पहूर ते आजूबाजूची गावं अशा फेऱ्या मारायचे. सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून आम्हीही. मित्र उंच, हाडाने मोठा, बोलायला मऊ. चढाईला गेला की त्याचे पाय मातीला लागतात की नाही असं वाटायचं. बाहेर आला की पुन्हा मऊच.

माझी आणि त्याची मैत्री माझ्या एका चुकीमुळे झाली. तालुक्याच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला मी घाईने घोटा धरला, समोरचा निसटला आणि आम्ही एका गुणाने हरलो. माझं बोटही सांध्यातून निघालं होतं. खोलीवर आल्यावर सगळे गप्प. एकेकाने बनियन बदलला. मी मात्र बदलेना, कारण बदलला की बोलणी सुरू होणार. तो माझ्याजवळ येऊन बसला, माझं बोट हातात घेतलं आणि म्हणाला, "तिकडं पाय, राजवाड्याकडं." मी पुठ्ठ्याच्या राजवाड्याकडे पाहिलं आणि त्याने बोट ओढून जागेवर बसवलं. मी किंचाळलो. सगळे हसले. मग माझी चूक काढायचं राहूनच गेलं.

दहावीच्या वर्षी आमचा संघ खरोखर चांगला झाला. जळगावला जिल्ह्याचे सामने झाले, त्यात आम्ही पहिले आलो. आमच्या शाळेतून पहिल्यांदाच कुठला संघ विभागाला जाणार होता. विभागाचे सामने धुळ्याला होते, अठरा-वीस दिवसांनी. शाळेत फळ्यावर आमचं अभिनंदन लिहिलं गेलं.

आमच्या वयोगटाला वजनाची अट होती. पंचावन्न किलोच्या वर एक छटाकही चालत नसे. जळगावला माझा मित्र कसाबसा बसला होता. पण ते त्याचं वाढायचं वय होतं. पंधरा दिवसांत त्याची विजार घोट्याच्या वर गेली. धुळ्याला निघायच्या दोन दिवस आधी आम्ही त्याला शाळेसमोरच्या कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. सत्तावन्न किलो आणि वर काहीतरी. व्यापारी हसून म्हणाला, "कापूस असता तर चांगला भाव देला असता."

कप्तानाने सरांना जाऊन सांगितलं. सर खोलीच्या दारात आले. त्यांनी मित्राकडे नीट पाहिलंही नाही. "त्याच्याशिवाय तिकडे जाण्यात अर्थ नाही," ते कप्तानाला म्हणाले. "तीन दिवस आहेत. त्याला पंचावन्नच्या आत बसव. कसं ते तुमचं तुम्ही पाहा." मग खोकले आणि गेले.

कसं ते आम्हाला माहीत होतं. खोलीत त्याला 'सुकणं' म्हणायचे. आमच्या आधीच्या मुलांनी आम्हाला शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. जेवण बंद करायचं, पाणी घोटभर घ्यायचं, भर दुपारी रेनकोट घालून पळायचं, आंबट गोळ्या चघळून थुंकत राहायचं. अर्धा-पाऊण किलोसाठी आमच्यापैकी तिघा-चौघांनी हे केलेलं होतं. सुकून आलेल्या मुलाला खोलीत मान असायचा. त्याचे ओठ फुटलेले असायचे आणि तो बोलताना जीभ टाळूला चिकटायची, ते आम्ही कौतुकाने पाहायचो.

पण इथे दोन किलोंच्या वर उतरवायचे होते, तेवढं आजवर कोणी सुकलं नव्हतं. "होईन," माझा मित्र म्हणाला. त्याच्यावर कोणी जबरदस्ती केली असं मी लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. त्याला धुळ्याला खेळायचं होतं. त्याने मला बाजूला घेऊन माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. "ही तुझ्याजवळ ठेव. मी मांगली तरी देऊ नको. मी रडलो तरी देऊ नको. घे शपथ." मी घेतली.

दसरा होऊन गेला होता, पण आमच्याकडे त्या दिवसांत दुपारचं ऊन उन्हाळ्यासारखंच लागतं. तो रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारायचा आणि आम्ही टाकीच्या सावलीत बसून मोजायचो. फेऱ्या संपल्या की त्याच्या बाहीतून पाणी ओतल्यासारखा घाम निघायचा. पहिल्या दिवशी तो हसत होता. दुसऱ्या दिवशी पळून झाल्यावर तो खोलीत माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "दे."

मी मान हलवली.

"एक घोट. गुळणी करून टाकतो."

"तूच म्हणाला होतास."

 मग त्याने डोळे मिटले आणि भिंतीला डोकं टेकलं. मी बाटली मांडीखाली धरून बसलो होतो. मला त्या क्षणी काय वाटत होतं ते मी प्रामाणिकपणे सांगतो. मला अभिमान वाटत होता. संघातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूने हे काम माझ्यावर सोपवलं होतं आणि मी ते चोख करत होतो.

त्या संध्याकाळी काट्यावर साडेछप्पन्न भरले. कप्तान हताश झाला. "आता पळूनही उतरणार नही," तो म्हणाला. सगळे खोलीत बसून होते. आणि तेव्हा मी बोललो. कोणी मला विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "माझ्या वडिलांना पाण्याची गोळी आहे. ती घेतली की सारखी लघवी होते. गेल्या महिन्यात दवाखान्यात त्यांचं दोन दिवसांत तीन किलो वजन उतरलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत त्या खोलीत सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं असेल, तर ते तेव्हाच.

मी भिंतीवरून उडी मारून घरी गेलो. वडील ओसरीवर डोळे मिटून बसले होते. देवळीतल्या पाकिटातून मी तीन गोळ्या काढल्या आणि परत आलो. मित्राने एक तिथेच गिळली, ती गिळण्यापुरतं पाणी मी त्याला बाटलीच्या झाकणात ओतून दिलं.

दुसरी गोळी त्याने प्रवासाच्या दिवशी सकाळी घेतली. जळगावहून धुळ्याच्या बसमध्ये त्याने तीनदा गाडी थांबवायला लावली. कंडक्टर वैतागला आणि आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला, पण आवाज न करता. धुळ्यात आमची उतरायची सोय एका शाळेच्या वर्गात केली होती. बाकं भिंतीला लावून आम्ही सतरंज्या टाकल्या. त्याने सकाळी उठल्याबरोबर तिसरी गोळी घेतली. त्याच्या गालांची हाडं वर आली होती आणि डोळे आत गेले होते. एका मुलाने त्याला आरसा दाखवला आणि म्हणाला, "म्हातारा झाला रे तू."

वजनाच्या वेळी अंगावर फक्त लंगोट. काट्यावर पंचावन्न आणि वर शंभर ग्रॅम दिसले. अधिकारी म्हणाले, दहा मिनिटांत पुन्हा ये. तो बाहेर जाऊन थुंकत राहिला. मग त्याने कमरेचा काळा करदोटा तोडला. त्यात एक ताईत होता, तो त्याच्या आईने बांधलेला होता. करदोटा त्याने माझ्या हातात दिला आणि पुन्हा काट्यावर चढला. चोपन्न किलो नऊशे. आम्ही त्याला उचलून घेतलं. तो इतका हलका लागला की मला आश्चर्य वाटलं.

मग मी त्याला पाणी दिलं. तो अधाशासारखा प्याला, त्यातलं निम्मं उलटून पडलं. तीन केळी खाल्ली. थोडा रंग आला चेहऱ्यावर. पहिला सामना सकाळीच होता आणि तो आम्ही जिंकलो. त्याने सात गुण आणले. मैदानाबाहेर त्याच्या पोटऱ्यांना गोळे येत होते आणि आम्ही दोघं जण ते चोळत होतो. सर पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

दुसरा सामना भर दुपारी, धुळ्याकडच्याच एका संघाशी. मध्यंतरानंतर तो चढाईला गेला, रेषा ओलांडली, दोन पावलं टाकली आणि तिथेच गुडघ्यांवर बसला. त्याचा दम तुटला नव्हता. तो 'कबड्डी कबड्डी' म्हणतच होता, हळू आवाजात, आणि मग आडवा झाला. समोरच्या मुलांनी नियमाप्रमाणे त्याला धरून ठेवलं. पंचांनी शिट्टी वाजवली. धरणाऱ्यांपैकी एकाने पटकन हात काढला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "याना आंगले हात लाई दखा. आग शे आग."

अंग तापलेलं होतं, पण आम्हाला वाटलं पोटरीला गोळा आला असेल. आम्ही त्याचे पाय ओढत बसलो. तो काहीतरी बडबडत होता, त्याच्या शेतातल्या बैलाशी बोलत असावा तसं. मग हातपाय ताठ झाले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी त्याला आत घेतलं, सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी आम्हा सगळ्यांना विचारलं, "याने काही घेतलं होतं का? काही औषध, गोळी? खरं सांगा, मला उपचारासाठी हवंय."

सर म्हणाले, "ऊन लागलं, मॅडम. पोरं ऐकत नाहीत."

डॉक्टरांनी कप्तानाकडे पाहिलं. "नाही मॅडम," तो म्हणाला.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल मी घाबरलोय. मी घाबरलो होतोच. पण त्याहून जास्त, मला खोलीचा कायदा आठवत होता. तो मी मोडला तर मी कुठे जाणार होतो?

आवारात कडुनिंबाचं झाड होतं, त्याखाली मी बसलो. खिशात त्याचा करदोटा होता. ऊन उतरेपर्यंत मी तिथे बसून होतो. मग एक नर्स बाहेर चहा प्यायला आली. मी उठून तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "सिस्टर, त्याने गोळ्या घेतल्यात. तीन. मी आणल्या होत्या."

तिने चहाचा कप तसाच पायरीवर ठेवला, माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं. डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं, ते मला पाठ होतं. कधी कधी घेतल्या ते विचारलं. किती दिवस पाणी नाही ते विचारलं. सगळं लिहून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "दुपारी का नाही सांगितलंस?" उत्तर ऐकायला त्या थांबल्या नाहीत.

संध्याकाळी आबा आणि त्याची आई आले, त्यांच्याच कालीपिलीतून. गाडीच्या काचेवर 'पहूर' लिहिलेली पाटी तशीच होती. आई दवाखान्याच्या फरशीवर बसली ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा मित्र गेला. त्याच्या किडन्या बंद पडल्या होत्या, हृदयाचा ठोका चुकत होता, असं काहीसं आम्हाला कळलं. दुपारीच सांगितलं असतं तर तो वाचला असता का, हे मी पुढे दोन-तीन डॉक्टरांना विचारलं आहे. एक म्हणाले, कदाचित. बाकीचे म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित म्हणणारे डॉक्टर मला जास्त खरे वाटतात.

आम्ही परत आल्यावर सर पहिल्यांदा खोलीच्या आत आले. त्यांनी दार लावून घेतलं. "जे झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. "कोणी विचारलं तर उन्हाचं सांगायचं. बाकी काही नाही."  ते वाईट मनुष्य नव्हते, घाबरलेले होते. त्यांनी एका खिळ्याकडे पाहिलं, तिथे मित्राचा बनियन लटकत होता, आणि ते दार उघडून निघून गेले. शाळेत शोकसभा झाली, ऊन लागून गेल्याचं सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली.

मी दवाखान्यात सांगितलं हे कप्तानाला कळलं होतं. चार दिवसांनी मी खोलीवर गेलो तेव्हा ती शिपायाकडच्या दुसऱ्या किल्लीने आधीच उघडलेली होती, माझ्या खिळ्यावर दुसऱ्याचा शर्ट होता आणि माझे कपडे दाराबाहेर पायरीवर ठेवलेले होते, घडी करून. शिव्या नाहीत, मारामारी नाही. कोणी माझ्याशी बोललं नाही, इतकंच. मी कपडे उचलले, किल्ली शिपायाकडे दिली आणि घरी गेलो. घरी वडिलांनी पाकिटातल्या गोळ्या कमी झालेल्या पाहिल्या होत्या. त्यांनी मला त्याबद्दल विचारलं नाही.

दहावीची परीक्षा संपल्यावर मी मित्राच्या गावी गेलो. करदोटा परत द्यायचा, असं मी स्वतःला सांगत होतो. त्याच्या आईने तो घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि मला बसायला पाट दिला. मग विचारलं, "त्या दिवशी त्यानं काही खाल्लं होतं का रे बापू?"

"हो अक्का. केळी खाल्ली. तीन."

"गोड होती?"

मी हो म्हणालो. तिने मान डोलावली. चार-पाच महिने तिने हे कोणाला विचारायचं म्हणून मनात धरून ठेवलं असावं.

परत निघताना आबा म्हणाले, चल, पहूरला सोडतो. गाडीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी वाटेत हात दाखवणारी माणसंही घेतली नाहीत. एका पुलाजवळ मी सगळं सांगून टाकलं. बाटली, गोळ्या, दुपारचं गप्प बसणं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. 

"गोळ्यांचं मले डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं," ते म्हणाले. "कोणी देल्या ते नही सांगितलं."

मी रडायला लागलो. त्यांनी मला गप्प केलं नाही.

"त्यानं घरी जेवण सोडलं होतं," ते म्हणाले. "त्याची माय ताट घेऊन मागं मागं फिरत होती. मीच तिच्या हातातून ताट घेऊन ठेवून देलं. म्हटलं, जाऊ दे, पोरगं धुळ्याले खेळून राह्यलं. गाडीत बसणाऱ्या बठ्ठ्या माणसांले सांगत होतो मी, माझं पोरगं सुकून राह्यलं म्हणून."

मग ते माझ्याकडे वळले. "तिले गोळ्यांचं सांगू नको. ताटाचंही तिनं मनात धरलं नही अजून. तिले वाटते ऊन लागलं. उन्हावर तिचा राग हाये, तेवढा पुरे."

"आबा, मला माफ..."

"ते नको बोलू. मले ते जमेल का नही, मले माहीत नही." त्यांनी गाडी सुरू केली. "पण येत जा."

मी जात राहिलो. वर्षातून एकदा, कधी दोनदा. कॉलेजात गेलो, नोकरी लागली, भुसावळला राहायला आलो, तरी गेलो. अक्का जेवायला वाढते, मी खाली मान घालून जेवतो. खरं सांगायचा मोह मला दर वेळी होतो आणि आबा समोर बसलेले असतात.

भुसावळ स्टेशनवर दोन-तीन वर्षांपूर्वी आमचा कप्तान भेटला. तो रेल्वेतच आहे आता. मला वाटलं तोंड फिरवेल, पण त्याने मिठी मारली. आम्ही फलाटावर उभं राहून अर्धा तास बोललो, आणि सगळं बोलणं खोलीचं. नीकॅप धुतानाचे दिवस, पळवलेले डबे, पुठ्ठ्याच्या राजवाड्यात सापडलेलं मांजरीचं पिल्लू. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मित्राचा विषय कोणीच काढला नाही. त्याची ड्यूटी होती म्हणून तो गेला. मी बाकावर बसलो आणि मला लाज वाटली, कारण मला कळलं की मला त्या खोलीची अजूनही ओढ आहे. तिथे मी जितका सुखात होतो तितका पुढे कुठल्याच घोळक्यात नव्हतो. ज्या मुलांनी माझे कपडे पायरीवर ठेवले त्यांनीच ते घडी करून ठेवले होते, हे मला आजही आठवतं आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही.

गेल्या वर्षी आबांचा फोन आला. ते आता गाडी चालवत नाहीत, गुडघे गेलेत. त्यांच्या मुलीची मुलगी शिकायला त्यांच्याकडे आहे. ती खो-खो खेळते. तिची तालुक्याच्या संघात निवड झाली होती आणि सामने जळगावला होते.

"तिची आजी नको म्हणते," आबा म्हणाले. "पोरगी दोन दिवसांपासून बोलत नही कोणाशी. काय करू? जाऊ देऊ?"

मी म्हणालो, "आबा, मला नका विचारू."

"तुलेच विचारणार," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाले विचारू?"

 पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग मी त्यांना म्हणालो की तिच्या बाईंचा नंबर द्या. मी त्या बाईंना फोन केला. सामने किती वाजता आहेत, मुली काय खाणार, कोणी उपाशी तर राहणार नाही ना, असं सगळं विचारलं. त्या बाई आधी चिडल्या, मग त्यांनी शांतपणे उत्तरं दिली. मी आबांना परत फोन करून सांगितलं, जाऊ द्या.

सामन्यांच्या दिवशी ऑफिसात माझं कामात लक्ष लागलं नाही. तिचा संघ पहिल्याच फेरीत हरला. दिवस मावळायच्या आत आबांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "आली घरी. जेवून राह्यली." मग त्यांनी फोन ठेवला.